विश्लेषण : पैशांचे गेम बंद, पट स्वस्त, मग बोर्ड गेमचा मेळा वाशिमला का भरत नाही?

२०२५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, बरोबर महिन्याच्या अंतराने, खेळांविषयी दोन सरकारी निर्णय झाले. २२ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंग कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि पैसे लावून खेळायच्या ॲपचा बाजार उठला. २२ सप्टेंबरपासून पत्ते, बुद्धिबळाचा पट, कॅरम बोर्ड, ल्युडो आणि तत्सम बोर्ड गेमवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पहिल्या निर्णयावर भरपूर वाद झडले. दुसरा मात्र साबण, टूथपेस्ट आणि गाड्यांच्या यादीत फारसा कुणाला दिसलाही नाही.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवले तर चित्र असं दिसतं : फोनवरचा पैशांचा खेळ गेला, टेबलावरचा खेळ थोडा स्वस्त झाला. पण टेबल कुठे आहे? मुंबई, पुणे, बंगळुरूत आहे. तिथे बोर्ड गेमचे कॅफे आहेत, दर आठवड्याला जमणारे गट आहेत आणि शेकडो लोक एका हॉलमध्ये बसून दिवसभर खेळतात अशी कन्व्हेन्शन आहेत. वाशिमकडे पाहिलं तर चौकातला कॅरम, कॉलेजच्या जिमखान्यातला दोन प्यादी हरवलेला बुद्धिबळाचा संच, आणि पोळ्याच्या आसपास बातमीत ‘छापा’ म्हणून येणारा पत्त्यांचा डाव.

मग असा मेळा जिल्ह्याच्या गावी भरवायचा तर अडतं कुठे? पैशावर, कायद्यावर की माणसांवर?

कन्व्हेन्शन म्हणजे नेमकं काय?

ही स्पर्धा नसते आणि खेळण्यांचं दुकानही नसतं. एक मोठा हॉल, त्यात रांगेने टेबलं, एका कोपऱ्यात खेळांची ‘लायब्ररी’. तिकीट काढायचं, लायब्ररीतून डबा घ्यायचा, रिकाम्या खुर्चीवर बसायचं. समोरचे तिघे अनोळखी असतात. अर्ध्या तासात ते अनोळखी राहत नाहीत, एवढंच या प्रकाराचं गमक आहे. काही टेबलांवर नवे भारतीय डिझायनर आपला अर्धवट तयार खेळ घेऊन बसलेले असतात आणि तो तुमच्याकडून खेळून घेऊन चुका शोधतात. काही टेबलांवर गोष्ट सांगत, पात्रं वठवत खेळायचे रोल-प्लेइंग गेम चालतात.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात, तिथल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये ‘जेन कॉन’ भरलं. भरवणारे गॅरी गायगॅक्स हे विम्याच्या क्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. पुढे १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणणाऱ्या दोघांपैकी एक. तेच जेन कॉन आता इंडियानापोलिसमध्ये भरतं आणि २०२४ मध्ये तिथे ७० हजारांहून अधिक लोक आले. जर्मनीतल्या एसेन शहरात १९८३ पासून भरणारा ‘श्पील’ हा मेळा त्याहून मोठा. दर ऑक्टोबरमध्ये चार दिवसांत तिथे दोन लाखांच्या घरात गर्दी होते.

मुंबईत ‘मीपलकॉन’ भरतं. नावातला ‘मीपल’ म्हणजे लाकडाची छोटी माणसासारखी सोंगटी. ‘कार्कासोन’ हा खेळ २००० साली आला, तो खेळताना एका अमेरिकन खेळाडूने ‘माय’ आणि ‘पीपल’ हे शब्द जोडून हे नाव पाडलं आणि ते जगभर रुजलं.

यात लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की जेन कॉन न्यूयॉर्कमध्ये जन्मलं नाही. शेतीवाडीच्या राज्यातल्या आडगावात, भाड्याच्या हॉलमध्ये जन्मलं. महानगराशिवाय हे होत नाही, ही समजूत खरी नाही.

स्वयंसेवक काय करतात?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, टी-शर्ट घालून गेटवर उभं राहायचं. ते काम सगळ्यात सोपं. अशा मेळ्याचा कणा म्हणजे खेळ समजावून सांगणारा माणूस. जर्मनीत त्याला लाडाने ‘एर्कलेअरबेअर’ म्हणतात, म्हणजे समजावून सांगणारं अस्वल. नव्या खेळाचं नियमपुस्तक बारा-सोळा पानांचं असतं. ते वाचत बसलं तर चार जणांपैकी दोघे फोन काढतात. हे अस्वल पाच मिनिटांत सांगतं : जिंकायचं कसं, आपल्या पाळीत काय काय करता येतं, डाव कधी संपतो. बाकीचं खेळता खेळता.

पुण्यात इंजिनीअरिंगला असताना अशा एका छोट्या जमावात मी दोनदा हे काम केलं आहे. सर्किट थिअरी शिकवण्यापेक्षा अवघड आहे, हे अतिशयोक्ती न करता सांगता येईल. पहिल्या दिवशी मी नियम क्रमाने सांगत होतो. समोरच्यांचे चेहरे पाहून कळलं की क्रम उलटा हवा. आधी शेवट सांगायचा, मग सुरुवात. दुसरी गोष्ट कळली ती भाषेची. टेबलावर नगरचे, लातूरचे, अकोल्याचे विद्यार्थी होते. नियम इंग्रजीत सांगितले की माना हलायच्या, पण प्रश्न यायचे नाहीत. ‘हे बघा, तुमच्याकडे गहू आहे, त्याच्याकडे विटा, अदलाबदल करा’ असं मराठीत सुरू केलं की लगेच घासाघीस सुरू व्हायची. अदलाबदलीचा हा खेळ म्हणजे ‘कटान’. १९९५ मध्ये तो आणणारे क्लाउस टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ होते, कवळ्या बनवायचे.

समजावणाऱ्याखेरीज लायब्ररी सांभाळणारा लागतो. त्याचं काम कंटाळवाणं पण निर्णायक. डबा परत आला की सोंगट्या मोजायच्या. ५५ पत्त्यांतला एक गेला तर दोन हजारांचा डबा कायमचा लंगडा. आणि तिसरं काम, ज्याला नावही नाही : भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, कुणाशी बोलावं हे न सुचणाऱ्या माणसाला हाताला धरून टेबलावर बसवणं. एकटं आलेलं माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बसलं नाही तर ते निघून जातं. परत येत नाही.

या कामाचा मोबदला हा वेगळा वादाचा विषय आहे. जेन कॉनमध्ये ठरावीक तास खेळ चालवणाऱ्याला प्रवेशशुल्क परत मिळू शकतं. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत पंचांचं काम करणाऱ्या काही जणांनी २०१६ मध्ये अमेरिकेत थेट कंपनीवर दावा लावला. आम्ही स्वयंसेवक नाही, कामगार आहोत, आम्हाला वेतन द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे टी-शर्ट, जेवण आणि प्रमाणपत्र यावर भागतं. मुंबईत राहणाऱ्याला ते पुरतंही. वाशिमहून जाणाऱ्याचा हिशेब वेगळा : जाऊन-येऊन हजार-अकराशे किलोमीटर, दोन रात्री ट्रॅव्हल्समध्ये, नोकरी असेल तर एक रजा, मुक्काम असेल तर त्याचा खर्च. म्हणजे मोफत सेवा देण्यासाठी खिशातले दोन-तीन हजार घालायचे. स्वयंसेवा हा शहरात घर असलेल्यांचा छंद होतो तो इथे. इच्छा नसते असं नाही.

फासे दिसले की जुगार?

वाशिममध्ये असा मेळा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न कुणीही विचारेल तो हाच. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. रोजच्या क्राइम बातम्यांत दिसणारं कलम १२ सार्वजनिक जागेतल्या जुगाराचं आहे. त्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम ४ आणि ५ जुगार अड्डा चालवणाऱ्यांसाठी आणि तिथे सापडणाऱ्यांसाठी आहेत. कलम ७ आयोजकांनी नीट वाचावं असं आहे. कायदेशीर वॉरंटवर छापा पडला आणि तिथे पत्ते-फासे यांसारखी साधनं सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो अड्डा मानता येतो. म्हणजे आपण निर्दोष आहोत हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते.

पण त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने उलगडला आहे. १९६८ च्या सत्यनारायण प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्त्यांच्या खेळासारखा सर्वस्वी नशिबाचा नाही. १९९६ च्या लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांच्या शर्यतींबाबत हाच निकष लावला : थोडं नशीब असलं तरी कौशल्याचं पारडं जड असेल तर तो कौशल्याचा खेळ. ल्युडोवर मात्र वाद आहे. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन ल्युडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. जुगार होतो तो पैज लागल्यामुळे. फासा हे फक्त साधन. पैज नसेल तर सापशिडीही जुगार नाही आणि पैज असेल तर कवड्यांनीही गुन्हा होतो. २०२५ च्या ऑनलाइन कायद्याने तर कौशल्य-नशीब हा भेदच मोडीत काढला : ऑनलाइन आणि पैसे, हे दोन एकत्र आले की बंदी. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. दरवर्षी अंदाजे ४५ कोटी लोक यात सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, हे कायदा आणताना सरकारने दिलेलं कारण.

टेबलावरच्या मेळ्याला हा ऑनलाइन कायदा लागू होत नाही. तरी आयोजकांनी तीन पथ्यं पाळलेली बरी. प्रवेशशुल्क घ्यायचं तर ते हॉलचं आणि जेवणाचं, पावती देऊन. ते गोळा करून जिंकणाऱ्याला रोख वाटायचं नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर एखादा बोर्ड गेम द्या. आणि तीन पत्ती टेबलावर येऊच द्यायची नाही, ‘गंमत म्हणून’ही नाही. सोबत ठाण्याला आधीच एक अर्ज : तारीख, जागा, खेळांची यादी, पैज नाही असा स्पष्ट उल्लेख. बीट अंमलदाराला चहाला बोलावून एक डाव खेळायला बसवलं तर आणखी चांगलं. विनोद नाही हा. गावात चार लोक पट मांडून बसलेले दिसले की लोकांच्या मनात काय येतं, हे बदलायचं तर बघणाऱ्याला खेळायलाच बसवावं लागतं.

हे आपल्याकडे नवं आहे का?

नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर खडूने पट आखून, चिंचोके एका बाजूने घासून त्यांचे फासे करून खेळायचा खेळ कुठे अष्टाचंगा आहे, कुठे चल्लस आठ. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. सावंतवाडीच्या राजघराण्याने मरू घातलेली गंजिफा विसाव्या शतकात पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं असतात आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा ‘शासन’. मतदारांची जुळवाजुळव करून सत्ता मिळवायच्या या खेळाने २०१९ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसा उभा केला. जिल्हा परिषदेचं राजकारण जवळून पाहिलेल्या वाशिमकरांना तो शिकवायला फार वेळ लागू नये.

वाशिममध्ये जमेल का?

जागेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. लग्नाच्या तिथी असल्या की मंगल कार्यालयं मिळत नाहीत, पण चातुर्मासात ती ओस असतात. जिल्हा सोयाबीनचा. जूनअखेर-जुलैत पेरणी, ऑक्टोबरमध्ये काढणी. मध्ये श्रावण-भाद्रपदात घरातल्या तरुणांना एखादा रविवार काढता येतो. म्हणजे हॉल रिकामा आणि माणसं मोकळी, हे दोन्ही एकाच वेळी जुळतं. पोळा आणि गणपती टाळून तारीख काढायची. पोळ्याच्या दिवसांत घेऊच नये, कारण तेव्हा पत्त्यांवर पोलिसांची नजर सर्वात कडक असते.

पैशाचा माझा अंदाज असा. एका वेळी साठ जण बसतील एवढा मेळा धरा. पाच-पाच जणांची बारा टेबलं. वीस डबे पुरेत. काही मोठे, काही लहान, करापूर्वी सरासरी दीड हजार धरले तर तीस हजार. जीएसटी १२ टक्के असताना असा एक डबा १,६८० ला पडला असता, आता १,५७५ ला पडेल. डब्यामागे १०५ रुपये, विसांवर २,१०० रुपये वाचतात. तेवढ्यात सोळा स्वयंसेवकांचं दुपारचं जेवण निघतं. कॅरम, बुद्धिबळ गावातूनच मिळतील. आणि हे डबे एकदाच घ्यायचे आहेत. मेळा संपल्यावर ते सार्वजनिक वाचनालयात ठेवता येतात, पुस्तकासारखे घरी न देता तिथेच बसून खेळायच्या अटीवर.

खरी कमतरता आहे ती समजावणाऱ्यांची. बारा टेबलं म्हणजे बारा माणसं, प्रत्येकाला दोन-तीन खेळ तोंडपाठ. ती एका दिवसात तयार होत नाहीत. आधी सहा-सात रविवार बसून खेळावं लागतं. इथे कॉलेजं मदत करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. झाडं लावणं आणि रस्ता झाडणं यांच्या जोडीला मुलांना खेळ शिकवणं हेही सेवेत बसवायला प्राचार्यांना फारशी अडचण येऊ नये. शासनाने २०२४ मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या दिवसांत करायचं काय, हा प्रश्न अनेक शाळांपुढे आहेच.

आणि मुली. हे मी शेवटी लिहितोय, पण आयोजकांनी आधी ठरवायला हवं. २०२५ च्या २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. विदर्भात घरोघरी तिचं कौतुक झालं. पण तालुक्याच्या गावात क्लास सुटल्यावर मुलींना दोन तास बसून खेळता येईल अशी जागा कोणती? कॅरमचा क्लब मुलांचा, टपरी मुलांची, मैदान संध्याकाळनंतर मुलांचं. नोंदणीच्या टेबलावर दोन मुली स्वयंसेवक असल्या, वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच असली आणि पालकांना आत येऊन बघता आलं, तर येणाऱ्यांची संख्या बदलते. हे कन्व्हेन्शनचं शास्त्र वगैरे नाही, गॅदरिंग घेतलेल्या कुठल्याही बाई सांगतील.

पहिल्याच मेळ्यात जड खेळ नकोत. ज्यांच्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर नाही असे निवडावेत : फरश्या जोडायचा ‘अझुल’, रंग-आकार जुळवायचा ‘क्वर्कल’, ‘ब्लोकस’, ‘कार्कासोन’. प्रत्येकाचे नियम एका पानावर मराठीत लिहून, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून डब्यात ठेवायचे. एका खेळाचं पान तयार करायला मला एक संध्याकाळ लागते. वीस खेळांच्या वीस संध्याकाळी. चौघांनी वाटून घेतल्या तर प्रत्येकी पाच.